अर्ज सारखा, न्याय वेगळा : बोस्टनच्या बँकेने मांडलेला हिशेब

कष्टकरी माणसाला घर घ्यायचे म्हटले की कर्जावाचून गत्यंतर नसते. पगाराची पावती, पासबुक, जामीनदाराची सही असे कागद गोळा करून तो बँकेत जातो. अर्ज मंजूर झाला तर घरात पेढे वाटले जातात. नामंजूर झाला तर माणूस नशिबाला बोल लावतो आणि पुन्हा भाड्याच्या खोलीत परततो. पण अर्ज नामंजूर झाला तो मिळकत कमी होती म्हणून, की अर्ज करणारा कोण आहे हे पाहून? हा प्रश्न आपण मनातल्या मनात विचारतो. त्याचे उत्तर कागदावर, आकड्यांत, कोणी देत नाही.

अमेरिकेतील बोस्टन शहरात १९९२ साली हे उत्तर कागदावर आले. ते एखाद्या संघटनेने मोर्चा काढून मांडले नव्हते. ते मांडले होते खुद्द मध्यवर्ती बँकेच्या संशोधन विभागाने. बँकांवर देखरेख करणाऱ्या बँकेनेच बँकांच्या फायली उघडल्या आणि अर्जदाराचा रंग कर्जाच्या निकालात शिरतो की नाही, हे मोजले. आज तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी या संशोधनाचे नाव घेतल्यावाचून त्या देशात गृहकर्जाची चर्चा पुरी होत नाही. आपल्या वाचकांनी ते समजून घेण्यासारखे आहे.

बारा बँकांची एक बँक

आपल्याकडे रिझर्व्ह बँक एकच आहे आणि तिची मुख्य कचेरी मुंबईत आहे. अमेरिकेत रचना वेगळी आहे. तिथे १९१३ साली कायदा होऊन 'फेडरल रिझर्व्ह' ही मध्यवर्ती बँक स्थापन झाली, पण सारी सत्ता एका शहरात एकवटू नये म्हणून देशाचे बारा विभाग पाडले गेले. बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, क्लीव्हलँड, रिचमंड, अटलांटा, शिकागो, सेंट लुईस, मिनियापोलिस, कॅन्सस सिटी, डॅलस आणि सॅन फ्रान्सिस्को अशा बारा ठिकाणी प्रादेशिक रिझर्व्ह बँका आल्या. वॉशिंग्टनमध्ये त्या सर्वांवर देखरेख करणारे मंडळ आहे.

या प्रत्येक बँकेचा स्वतःचा संशोधन विभाग आहे. तिथे पगारी अर्थतज्ज्ञ बसतात. व्याजदर, महागाई, बेकारी हे त्यांचे नेहमीचे विषय. पण प्रत्येक बँक आपल्या भागातील माणसांच्या प्रश्नांकडेही पाहते. सेंट लुईसच्या बँकेने १९९१ पासून अर्थव्यवस्थेची आकडेवारी सर्वांसाठी फुकट खुली केली. मिनियापोलिसच्या बँकेतील दोघा संशोधकांनी २००३ साली दाखवून दिले की, गरीब घरच्या लहान मुलांच्या चांगल्या बालवाडीवर केलेला खर्च हा समाजाला मोठा परतावा देणारी गुंतवणूक आहे. बँकेने बालवाडीचा हिशेब करावा याचे पुष्कळांना नवल वाटले. पण पैशाचा अभ्यास म्हणजे शेवटी माणसांच्या जगण्याचा अभ्यास असतो. बाबासाहेबांनी १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष दिली. रुपयाचा भाव ठरतो तेव्हा मजुराच्या ताटातली भाकरी लहान-मोठी होते, हे जाणणाऱ्या समाजाला मध्यवर्ती बँकेचे संशोधन परके वाटण्याचे कारण नाही.

नकाशावरची लाल रेघ

बोस्टनच्या संशोधनामागे मोठा इतिहास आहे. १९३० च्या दशकातील मंदीत अमेरिकेत लाखो लोकांची घरे जप्त होऊ लागली. लोकांना सावरण्यासाठी सरकारने १९३३ साली एक गृहकर्ज महामंडळ काढले. या महामंडळाने पुढे दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार केले. कोणत्या वस्तीत कर्ज देणे सुरक्षित आणि कोणत्या वस्तीत धोक्याचे, हे रंगाने दाखवले. उत्तम वस्ती हिरवी, त्याखालची निळी, मग पिवळी आणि सर्वांत धोक्याची लाल. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळजवळ सगळीकडे लाल रंगात गेल्या. घरे पक्की आहेत की मोडकी, एवढेच पाहिले गेले नाही. राहणारी माणसे कोणत्या वंशाची आहेत, याचीही नोंद त्या कागदांवर होती. गृहकर्जाला हमी देणाऱ्या सरकारी खात्याचे धोरणही त्या काळात याच वळणाचे होते. वस्तीवर अशी लाल रेघ मारून तिला कर्जापासून दूर ठेवण्याला पुढे 'रेडलायनिंग' असे नाव पडले.

या नकाशांचा परिणाम किती काळ टिकला, याचा अभ्यास शिकागोच्या रिझर्व्ह बँकेतील संशोधकांनी २०१७ साली पुढे आणला. लाल रेघेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या घरांची त्यांनी जनगणनेच्या आधारे तुलना केली. रेघेच्या लाल बाजूला स्वतःची घरे कमी, घरांच्या किमती कमी आणि वस्तीची वांशिक विभागणी जास्त, असे त्यांना आढळले. हा फरक नकाशे काढल्यानंतरही कित्येक दशके टिकला होता. एका कारकुनाने रंगवलेला कागद किती पिढ्यांना पुरतो ते पाहा!

मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ रोजी हत्या झाली. त्यानंतर आठवड्याभरातच घरांच्या व्यवहारात भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा मंजूर झाला. १९७४ साली कर्जात समान संधीचा कायदा झाला आणि दोन वर्षांनी त्यात वंशाचा समावेश झाला. १९७५ च्या कायद्याने बँकांना आपण कोणत्या वस्तीत किती गृहकर्जे दिली हे जाहीर करणे भाग पडले. १९७७ साली आणखी एक कायदा आला. जिथून ठेवी गोळा करता तिथल्या गरीब वस्त्यांनाही कर्ज द्या, असे त्याने बँकांना बजावले.

कायदे झाले, पण कर्जे पोहोचली का? १९८८ साली अटलांटातील एका दैनिकाने जाहीर आकडेवारी तपासून लेखमाला छापली. सारख्याच मिळकतीच्या वस्त्यांमध्ये गोऱ्यांच्या वस्तीला कर्जे कितीतरी अधिक मिळत होती. या लेखमालेला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९८९ साली बोस्टनच्या रिझर्व्ह बँकेचा पहिला अभ्यास आला. घरांची संख्या, मिळकत वगैरे गोष्टी जमेस धरूनही कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत गृहकर्जांचे प्रमाण गोऱ्यांच्या वस्त्यांपेक्षा शेकडा २४ ने कमी होते. या अभ्यासाचा कच्चा मसुदा आधीच वर्तमानपत्राच्या हाती लागल्याने शहरात मोठी खळबळ माजली होती.

बँकांचा बचाव आणि नवा तक्ता

१९८९ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता बँकांना वस्तीपुरते थांबता येईना. प्रत्येक अर्जदाराचा वंश, मिळकत आणि अर्जाचा निकाल नोंदवणे सक्तीचे झाले. १९९० सालची ही माहिती १९९१ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाली. कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांचे अर्ज गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात फेटाळले गेल्याचे तीत दिसत होते.

यावर बँकांचे उत्तर तयारच होते. त्या म्हणाल्या, आम्ही रंग पाहत नाही, परतफेडीची ताकद पाहतो. या लोकांची जुनी थकबाकी असते, बचत कमी असते, नोकरी स्थिर नसते, आणि या गोष्टी तुमच्या आकडेवारीत कुठे आहेत? प्रामाणिकपणे सांगायचे तर हा आक्षेप खोटा नव्हता. त्या माहितीत थकबाकीचा रकाना नव्हता. नुसत्या नकाराच्या टक्केवारीवरून भेदभाव सिद्ध होत नाही. हिशेबाच्या वह्या भरणाऱ्या कोणालाही हे पटेल.

बोस्टनच्या बँकेने हा आक्षेप टाळला नाही. तिथल्या संशोधन विभागाच्या प्रमुख अ‍ॅलिशिया मनेल आणि त्यांचे सहकारी लिन ब्राऊन, जेम्स मॅकएनीनी व जेफ्री टूटेल यांनी ठरवले की बँका जे जे पाहतात ते सगळे आपणही पाहायचे. बोस्टन परिसरात १९९० साली कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाच्या लोकांनी केलेले सर्व, म्हणजे सुमारे १,२०० अर्ज त्यांनी घेतले. त्यांच्या जोडीला गोऱ्यांचे सुमारे ३,३०० अर्ज चिठ्ठी टाकावी तसे निवडले. शंभरावर कर्जसंस्थांना त्यांनी प्रत्येक अर्जामागे ३८ जादा बाबी भरून पाठवण्यास सांगितले. मिळकतीच्या मानाने हप्ता किती, इतर देणी किती, घराच्या किमतीच्या मानाने कर्ज किती, पूर्वी हप्ते चुकले होते का, दिवाळखोरी झाली होती का, नोकरी किती वर्षांची, अशा त्या बाबी होत्या. कर्ज देणारा अधिकारी ज्या कागदांवर बोट ठेवतो ते सगळे कागद एका तक्त्यात आले.

आकडे काय बोलले?

वरवर पाहता गोऱ्यांच्या दर शंभर अर्जांतील सुमारे १० ते ११ नामंजूर झाले होते, तर कृष्णवर्णीय आणि लॅटिन अर्जदारांचे सुमारे २८. मग संशोधकांनी प्रश्न केला, की या अर्जदारांची मिळकत, देणी, थकबाकी, घराची किंमत हे सारे गोऱ्यांसारखेच असते तर किती अर्ज नामंजूर झाले असते?

उत्तर आले, दर शंभरात १७. म्हणजे २८ वरून आकडा १७ वर आला. हा फरक पैशाच्या परिस्थितीने पडलेला होता आणि बँकांचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे ठरले. पण सगळे सारखे धरल्यावरही आकडा ११ वर आला नाही. मधले सहा अर्ज मिळकतीने समजावता येत नव्हते, थकबाकीनेही नाही. रंगाशिवाय त्यांचे कारण सापडत नव्हते. १९९६ साली हे संशोधन अर्थशास्त्राच्या अग्रगण्य अमेरिकन नियतकालिकात छापले गेले. त्यात अधिक बारकाईने मोजल्यावर हे अंतर शंभरात आठाच्या थोडे वर निघाले.

सहा किंवा आठ हा आकडा कोणाला लहान वाटेल. पण तो आकडा म्हणजे कुटुंबे आहेत. मिळकत होती, हप्ता झेपत होता, तरी त्यांना घर मिळाले नाही. शिवाय जो माणूस काउंटरवरचे बोलणे ऐकूनच परत गेला, ज्याने अर्जच भरला नाही, तो या तक्त्यात आलेलाच नाही.

दार बंद नव्हते, हात आखडता होता

या संशोधनातील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. ज्यांचे कागद सर्व बाजूंनी चोख होते, त्यांना काळे असोत की गोरे, कर्ज मिळत होते. कोणताही अधिकारी 'तुम्ही काळे आहात, चालते व्हा' असे म्हणत नव्हता. पण सगळे कागद चोख असलेले लोक असतात किती? या पाहणीत शंभरातल्या ८० हून अधिक अर्जदारांत कोणती ना कोणती उणीव होती. कोणाचा एखादा हप्ता उशिरा भरलेला, कोणाची नोकरी नवी, कोणाची देणी ठरीव मर्यादेपेक्षा थोडी वर. गोऱ्यांमध्येही अशा उणिवा भरपूर होत्या.

म्हणजे बहुतेक अर्जांचा निकाल नियमाने लागत नव्हता, तो अधिकाऱ्याच्या मर्जीने लागत होता. त्या जागेत गोऱ्या अर्जदाराची उणीव माफ होण्याचा संभव अधिक होता. 'हप्ता का चुकला? आजारपण होते का? मग तसे पत्र जोडा. बायकोची मिळकतही दाखवा. तो छोटा हिशेब आधी चुकता करा आणि पुढच्या आठवड्यात या.' अशी चार वाक्ये अधिकारी बोलला की फाईल जाड होते आणि अर्ज मंजूर होतो. दुसऱ्या अर्जदाराला तीच उणीव दाखवून शेरा मारला जातो. त्याची फाईल पातळच राहते. शेरा नियमाला धरून असतो, सही योग्य जागी असते, आणि अन्याय मात्र झालेला असतो.

ज्या अन्यायात शिवी नसते, धक्काबुक्की नसते, त्याला पुरावा कुठून आणायचा? एका अर्जावरून तो दिसत नाही. हजारो अर्ज शेजारी शेजारी मांडले तरच दिसतो. ते मांडण्याचे काम या संशोधनाने केले.

टीका आणि तिचे उत्तर

अभ्यास प्रसिद्ध होताच त्यावर टीकेची झोड उठली. काहींनी म्हटले की माहिती भरताना चुका झाल्या आहेत, काही नोंदी तर अशक्य वाटतात. संशोधकांनी आपली आकडेवारी इतरांना तपासायला खुली केली होती, म्हणूनच अशा चुका शोधता आल्या. संशयास्पद नोंदी वगळूनही निकाल टिकला, असे फेरतपासणी करणाऱ्या अभ्यासकांनी दाखवले.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार होता आणि तो नोबेल मिळवलेल्या गॅरी बेकर यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञाचा होता. त्यांचे म्हणणे असे, की काळ्या अर्जदारांना जर जास्त कडक कसोटी लावली असेल, तर ज्यांना कर्ज मिळाले त्यांची थकबाकी गोऱ्यांपेक्षा कमी दिसायला हवी. तशी ती दिसत नाही, मग भेदभाव कसला?

ऐकायला हे बिनतोड वाटते. पण शाळेचे उदाहरण घ्या. एका वर्गात मुलांना ३५ गुणांवर पास केले आणि मुलींना ४० वर. मुलांमध्ये ८०-९० गुण मिळवणारे पुष्कळ असतील, तर पास झालेल्या मुलांची सरासरी मुलींपेक्षा वरच निघेल. म्हणून मुलींवर अन्याय झाला नाही असे म्हणायचे का? अन्याय झाला तो ३५ ते ४० च्या मधल्या मुलींवर, आणि त्या सरासरीत नाहीतच, कारण त्यांना नापास केले आहे. कर्जाचेही तसेच आहे. स्टीफन रॉस आणि जॉन यिंगर या अभ्यासकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सर्व टीका एकेक करून तपासली. बोस्टनचा मुख्य निष्कर्ष या टीकेने खोडला जात नाही, असे त्यांनी मांडले.

पुढे काय झाले?

संशोधन कपाटात पडून राहिले नाही. १९९३ साली बोस्टनच्या बँकेने कर्जसंस्थांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. तुमचे कोणते नियम वरून सर्वांना सारखे दिसतात पण प्रत्यक्षात एका समाजाला बाहेर ठेवतात, हे तीत सांगितले होते. ज्याने कधी कर्जच घेतले नाही पण घरभाडे आणि विजेचे बिल वेळेवर भरले, त्याची ती शिस्त ध्यानात घ्या. ज्याच्या नोकऱ्या बदलल्या पण मिळकत चालू राहिली, त्याला अस्थिर समजू नका. असा तिचा रोख होता. सरकारी वकीलही जागे झाले. अटलांटातील एका कर्जसंस्थेने १९९२ साली ४८ कृष्णवर्णीय कुटुंबांना १० लाख डॉलर देऊन तडजोड केली.

पण अन्याय रूप बदलून परत येतो. २००० नंतरच्या तेजीत ज्या वस्त्यांना पूर्वी कर्ज नाकारले जात होते, तिथेच महागड्या व्याजाची, फसव्या अटींची कर्जे वाटली गेली. चांगली पत असलेल्या काळ्या आणि लॅटिन कुटुंबांच्याही माथी ती मारली गेली. २००८ च्या संकटात अशी लाखो घरे गेली. या भेदभावाबद्दल सरकारने दाखल केलेल्या खटल्यांत एका मोठ्या कर्जसंस्थेने २०११ साली ३३.५ कोटी डॉलर आणि दुसऱ्या एका बँकेने २०१२ साली १७.५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले.

२०१५ साली बोस्टनच्या याच बँकेने दोन विद्यापीठांच्या अभ्यासकांसह आणखी एक अहवाल काढला. या वेळी प्रश्न संपत्तीचा होता. मालमत्तेतून कर्जे वजा केल्यावर घरात उरते किती? बोस्टन परिसरातील सर्व गोरी कुटुंबे संपत्तीच्या क्रमाने ओळीत उभी केली, तर बरोबर मधल्या कुटुंबाजवळ २,४७,५०० डॉलर होते. अमेरिकेतच पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या ओळीत मधल्या कुटुंबाजवळ होते आठ डॉलर. आठ हजार नव्हे, आठ! आकडा छापताना चूक झाली असावी असेच अनेकांना वाटले. २०१७ साली तिथल्या दैनिकाला ही छपाईची चूक नाही असे मुद्दाम लिहावे लागले. गोऱ्या दहा कुटुंबांपैकी जवळजवळ आठ स्वतःच्या घरात राहत होती, या कृष्णवर्णीयांत मात्र तिनांत सुमारे एक. स्वतःचे घर म्हणजे नुसता निवारा नसतो. मुलीच्या शिक्षणाला, आजारपणाला, धंद्याला तेच तारण असते. जे घर आजोबांना नाकारले गेले, ते नातवाच्या हिशेबात शून्य होऊन उतरते.

आपल्यासाठी दोन गोष्टी

पहिली गोष्ट नोंदीची. १९८९ साली कायद्याने अर्जात वंशाचा रकाना घातला नसता, तर बोस्टनचे संशोधन झालेच नसते. जे मोजले जात नाही, ते 'आमच्याकडे नाहीच' असे म्हणायला सारे मोकळे असतात. म्हणून जनगणना असो की पाहणी, खरी माहिती भरून देणे हे आपले काम आहे. आपल्या तरुण मुलामुलींनी अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकणे ही समाजाची गरज आहे. भाषणाला टाळ्या मिळतात, तक्त्याला उत्तर द्यावे लागते.

दुसरी गोष्ट कागदाची. अमेरिकेत अर्ज फेटाळल्यास कारण कळवण्याचे बंधन बँकेवर आहे. आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेने २००३ साली बँकांसाठी रास्त व्यवहाराची संहिता ठरवली. कर्जाच्या अर्जाची पोच द्यावी आणि छोट्या कर्जदाराला नकाराचे कारण लेखी कळवावे, असे तीत सांगितले. २००७ साली लेखी कारणाचा हा नियम सर्व कर्जांना लागू केला. अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांबाबत रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकांत आणखी एक सूचना आहे. अशा अर्जाला शाखेच्या पातळीवर नकार देऊ नये, वरच्या पातळीवर निर्णय व्हावा आणि कारण स्पष्ट नोंदवावे. किती जणांना हे माहीत आहे?

तेव्हा अर्ज द्याल तेव्हा पोच घ्या. नकार आला तर लेखी कारण मागा. कारण कळले की उणीव दूर करून पुन्हा अर्ज करता येतो, नाहीतर वरच्या कचेरीत दाद मागता येते. घरभाड्याच्या, विजेच्या, विम्याच्या पावत्या एका फाईलमध्ये तारखेवार लावून ठेवा. अधिकारी आपली फाईल जाड करील याची वाट पाहू नका. ती घरातूनच जाड करून न्या, आणि शेजारच्यालाही तशी करायला शिकवा.